आधी गवत कापून दाखव

मर्व्हिन एकहर्स्टच्या घरी गवत कापायचं, बसून चालवायचं यंत्र होतं, आणि अंगणातलं गवत त्याची बायको थेल्मा दुसऱ्या, हातानं ढकलायच्या यंत्रानं कापायची.

हॉलिंगफोल्ड गावात याचं कुणाला नवल वाटत नसे. ससेक्सच्या त्या पट्ट्यात उन्हाळा लागला की भलीभली माणसं डोक्याला हेल्मेट चढवून, कुणाच्या तरी कापणी झालेल्या रानात, बसून चालवायच्या मोवरवर, म्हणजे गवत कापायच्या यंत्रावर, बसून एकमेकांच्या मागं धावतात. पहिल्या तिघांत आलं तर एक कप मिळतो आणि वर्षभर चिडवायचा हक्क मिळतो, दुसरं काही नाही. या शर्यतीचा पहिला नियम म्हणजे यंत्राची पाती काढून ठेवायची. कुणी खाली पडलं तर त्याचं गवत होऊ नये एवढाच हेतू. पण त्यामुळं होतं असं की मोवर एकदा शर्यतीत उतरला की त्या दिवसापासून तो गवताला ओळख दाखवत नाही.

मर्व्हिनचा मोवर थेल्मानंच निवडला होता. लग्नानंतर दोघं या घरात आली तेव्हा मागं बरीच मोठी उताराची जागा होती, म्हणून तिनं दुकानात जाऊन लाल रंगाचा, आठ अश्वशक्तीचा, खुर्चीसारखी ऐसपैस सीट असलेला मोवर पसंत केला. तीन उन्हाळे त्यानं इमानानं गवत कापलं. चौथ्या उन्हाळ्यात मर्व्हिन शेजारच्या गावी शर्यत बघायला गेला. परत आला तो जेवताना एक शब्द बोलला नाही. थेल्माला वाटलं, कामावर काही झालं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मोवर उलटा पडलेला आणि नवरा त्याच्या पोटात हात घालून बसलेला.

पाती परत कधी बसणार, असं तिनं विचारलं होतं. हा हंगाम संपला की, असं त्यानं सांगितलं होतं. त्याला तेहतीस उन्हाळे झाले.

मर्व्हिन तसा फसवणारा माणूस नव्हे. बसडेपोत अडतीस वर्षं मेकॅनिकचं काम केलं. ड्रायव्हर लोक म्हणायचे, मर्व्हिनला गाडीचं दुखणं सांगावं लागत नाही, गाडी फाटकातून आत येतानाच तो आवाजावरून ओळखतो आणि तोंड वाकडं करतो. माणसांशी मात्र बोलणं कमीच. कुणी 'काय कसं चाललंय' असं विचारलं तर खरंच विचार करायला लागायचा, आणि उत्तर तयार होईपर्यंत विचारणारा पुढच्या वळणावर गेलेला असायचा.

त्या लाल मोवरचं त्यानं काय काय केलं हे सांगायचं तर आधी काय नाही केलं ते सांगणं सोपं. इंजिन तेच राहिलं, कारण ते बदलायला नियमात बंदी. वरचं बॉनेट तेच राहिलं. उन्हानं त्याचा रंग लाल होता तो गुलाबी झाला. बाकी सगळं गेलं. सांगाडा इतका खाली आणला की जमिनीपासून चार बोटं उरली. पुढचा आस वाकायचा म्हणून जाड सळईचा नवा घडवला. मागची चाकं काढून सामान वाहायच्या ढकलगाडीची बसवली. इंजिनच्या वेगाला लगाम घालणारा गव्हर्नर काढला. आणि खरी करामत पुलींची. इंजिनापासून गिअरबॉक्सला जाणाऱ्या पट्ट्यावर, गिअरबॉक्सच्या बाजूला जी मोठी ताटाएवढी पुली असते, ती काढून त्यानं बशीएवढी बसवली. मोठी पुली सावकाश फिरते, छोटी भरभर. एवढ्या एका बदलानं, माणसाच्या चालीनं जाणारं यंत्र घोड्याच्या चालीनं जायला लागलं. पाचव्या गिअरमध्ये ताशी चाळीस मैल. जमिनीपासून चार बोटांवर बसून चाळीस मैल म्हणजे काय, ते मर्व्हिनच्या मणक्यांना विचारावं.

एवढं करून तो एकदाही जिंकला नव्हता. तिसरा मात्र तीनदा आला होता, आणि त्याचे तीन कप बैठकीतल्या फळीवर होते. दर रविवारी तो ते स्वतः पुसायचा. घरात दुसरं काही पुसल्याचा पुरावा नाही.

काढलेले भाग फेकून द्यायची मर्व्हिनला सवय नव्हती आणि ते नुसते पडू द्यायची थेल्माला नव्हती. पाती झाकणारी मोठी लोखंडी परात मागच्या दाराशी उलटी ठेवून तिनं त्यात स्ट्रॉबेरी लावल्या होत्या. ताटाएवढी पुली स्वयंपाकघराच्या दाराला अडण म्हणून होती. गव्हर्नरची स्प्रिंग बागेच्या फाटकाला होती, त्यामुळं फाटक आपोआप मिटायचं. मूळची चाकं तिच्या माती वाहायच्या गाडीला. म्हणजे मोवर तसा सगळा घरातच होता.

हे असंच चाललं असतं. पण एप्रिलच्या शर्यतीत मर्व्हिन तिसऱ्यांदा तिसरा आला आणि नॉरिस टपन पाचवा.

नॉरिस हा गावचा प्लंबर, मर्व्हिनपेक्षा दहा वर्षांनी लहान. दोघं वीस वर्षं एकमेकांचे पाने उसने नेत होते आणि परत देत नव्हते, इतकी दोस्ती. पण शर्यतीत मागं पडलं की नॉरिसला नियम आठवायचे. मेच्या सुरुवातीला पबच्या मागच्या खोलीत शर्यतीच्या मंडळाची बैठक भरली तेव्हा त्यानं तक्रार मांडली. मर्व्हिनचं यंत्र हे मुळात मोवर राहिलेलंच नाही, असं त्याचं म्हणणं.

"नुसतं टोपडं जुनं आहे," तो म्हणाला. "खाली बघा, सगळी याची करणी."

"तू कितवा आलास रे मागच्या वेळी?" मर्व्हिननं विचारलं.

"त्याचा इथं संबंध नाही."

"पाचवा," आयलीन होडनं कागदात न बघता सांगितलं.

आयलीनबाई मंडळाच्या यंत्र-तपासनीस. गावच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेलं. खोलीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी कधी ना कधी बाकावर उभं केलं होतं, त्यामुळं त्या बोलायला लागल्या की बिअरचे ग्लास आपोआप खाली टेकायचे. त्यांनी पिशवीतून नियमावली काढली आणि वाचून दाखवलं की शर्यतीतलं यंत्र घरची हिरवळ कापण्यासाठी बनवलेलं असलं पाहिजे.

यावर तासभर वाद झाला. कुणी म्हणालं, इंजिन मूळचं आहे ना, मग झालं. कुणी म्हणालं, इंजिन तर काँक्रीट कालवायच्या यंत्रालाही असतं. किती भाग बदलले म्हणजे वस्तू दुसरी होते, यावर दोघं-तिघं इतके खोलात गेले की त्यांना आणखी एकेक ग्लास मागवावा लागला.  मर्व्हिनला पुढचं दिसत होतं. हे यंत्र बाद झालं तर नवं उभं करायला पाच-सहा वर्षं लागणार, आणि तो सदुसष्टचा होता. गुडघे आत्ताच सांगत होते, आता हे शेवटचंच.

आयलीनबाईंनी पुस्तक मिटलं. "ज्याच्यावर वाद होतो ते सिद्ध करून बघावं. मोवर आहे म्हणतोस ना, मर्व्हिन? आधी गवत कापून दाखव."

"आणि नाही कापलं तर?"

"तर ती छोटी मोटार झाली. मोटारींच्या शर्यती दुसरीकडं होतात."

पुढच्या शनिवारनंतरचा शनिवार ठरला. जागा ठरली गावच्या हॉलशेजारची हिरवळ. वीस पावलांचे दोन पट्टे, त्यातला एक तरी नीट कापायचा. त्यानंतर आठ दिवसांनी शर्यत होती.

घरी आल्यावर मर्व्हिन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. थेल्मा ओट्याशी रूबार्बचे देठ चिरत होती. तो पायानं दाराशी चाचपत राहिला.

"ते सरकवू नकोस, दार आपटतं," ती मागं न बघता म्हणाली.

"मला तीच हवीये."

"काय?"

"पुली."

मग त्यानं सगळं सांगितलं. लग्नानंतर एका दमात तो इतकं क्वचितच बोलला असेल. थेल्मानं सुरी ठेवली, हात पुसले, आणि हसू ओठांवर येऊ न देता सगळं ऐकून घेतलं. पुली लागेल, स्प्रिंग लागेल, चाकं लागतील, इथवर ती मान हलवत होती. मग तो परातीवर आला.

"तिच्यात फुलं आलीत," ती म्हणाली.

"कुंड्या आणून देतो."

"कुंड्या कशाला? तुझे ते कप आहेत की."

मर्व्हिननं बैठकीकडं बघितलं.  "त्यांना खाली भोक नाही," तो शेवटी म्हणाला. "पाणी साचेल."

"तुझ्याकडं ड्रिल आहे."

आणखीही एक अट होती. यंत्र पास झालं तर शर्यतीसाठी पाती काढायच्या आधी त्याच यंत्रानं घरामागचा सगळा उतार कापून निघाला पाहिजे. तेहतीस वर्षांपूर्वी हा हंगाम संपला की, असं कुणीतरी म्हणालं होतं, तिनं आठवण करून दिली. मर्व्हिनला आठवत होतं.

तिन्ही कपांच्या बुडाला त्यानंच भोकं पाडली. पहिल्या कपाला ड्रिल दोनदा खाली ठेवलं, तिसऱ्यापर्यंत कारागिराचा स्वभाव वर आला आणि भोकांच्या कडा घासून गुळगुळीत करून दिल्या. थेल्मानं एकेक रोप मातीसकट उचलून कपात बसवलं आणि कप खिडकीत, उन्हात ठेवले. उरलेली रोपं जुन्या हेल्मेटात गेली.

मग सुरू झालं काम. तेहतीस वर्षं जे खाली आणलं होतं ते वर न्यायचं, जे भरभर फिरत होतं ते सावकाश करायचं. परातीला जागा मिळावी म्हणून सांगाडा वीतभर उचलावा लागला. परातीच्या आतली माती खरवडून काढली तेव्हा मुळांनी धरून ठेवलेली दोन पाती निघाली. त्यांना धार लावली. गव्हर्नर बसवल्याशिवाय पाती चालवणं धोक्याचं, म्हणून फाटकाची स्प्रिंग आली, आणि त्या आठवड्यात शेजाऱ्यांची बदकं उघड्या फाटकातून दोनदा आत येऊन गेली. छोट्या पुलीनंच भागेल का, हे मर्व्हिननं करून पाहिलं. नाही भागलं. इंजिन हळू ठेवलं तर पाती इतकी मंद फिरायची की गवत नुसतं मान वाकवायचं, आणि इंजिन वाढवलं तर यंत्र बसणाऱ्यासकट कुंपणाकडं धाव घ्यायचं. शेवटी दाराची पुली आणून बसवली. स्वयंपाकघराचं दार आठवडाभर आपटत राहिलं आणि दर आपटण्याबरोबर थेल्मा वर बघायची.

शुक्रवारी संध्याकाळी यंत्र उभं राहिलं. पाय लांब झालेल्या बकरीसारखं दिसत होतं. मर्व्हिनला ते बघवेना, पण कच्चा एकही जोड त्यात नव्हता.

शनिवारी सकाळी नऊला हॉलच्या हिरवळीवर पंचवीसेक माणसं जमली होती. काहीजण घडीच्या खुर्च्या घेऊन आले होते. कुणीतरी चहाचा मोठा थर्मास आणला होता. नॉरिस हाताची घडी घालून कडेला उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर, वाईट वाटतंय पण नियम म्हणजे नियम, असा भाव होता. आयलीनबाईंनी पावलं मोजून दोऱ्या लावल्या, आणि बसणाऱ्याच्या मनगटाला बांधायची दोरी ओढून बघितली. माणूस पडला की ही दोरी निसटते आणि इंजिन बंद होतं. मग त्यांनी मान हलवली.

मर्व्हिन बसला. इंजिन सुरू झालं. खाली पाती गरगरायला लागली आणि तो जुना, दुहेरी आवाज त्यानं लगेच ओळखला. इथवर सगळं ठीक होतं.

पण तेहतीस वर्षं ज्या हातानं एकच गोष्ट केली, त्या हाताला कोण सांगणार? क्लच सुटला आणि हात आपसूक पाचव्या गिअरला गेला. मोठी पुली असली तरी पाचवा तो पाचवाच. यंत्र झपकन निघालं. मर्व्हिन पुढं वाकला, कोपरं आत घेतली, आणि समोर वळण नव्हतं तरी अंग डावीकडं टाकलं. वीस पावलांचा पट्टा डोळ्याचं पातं लवायच्या आत संपला. मागं गवत होतं तिथंच होतं. भांग पाडल्यासारखं एका अंगाला झोपलं होतं, आणि मधेमधे ओल्या गवताचे गोळे पडले होते.

कुणी हसलं नाही, म्हणून जास्तच वाईट.

"विंचरलं छान," नॉरिस म्हणाला.

आयलीनबाई त्या पट्ट्यावरून चालत गेल्या, वाकल्या, गवताचं एक पातं उपटून बघितलं. एक पट्टा गेला, त्या म्हणाल्या, एक उरलाय. मर्व्हिन सीटवर बसून हाताकडं बघत होता. तो हात परत पहिल्या गिअरला थांबेल याची त्यालाच खात्री नव्हती.  गर्दीतून थेल्मा पुढं आली. बागेतले बूट, बागेतला एप्रन.

"ऊठ," ती म्हणाली.

तो उठला.

"थांबा थांबा," नॉरिस पुढं झाला. "ही मंडळाची सभासद कुठाय?"

"तक्रार यंत्राबद्दल आहे की माणसाबद्दल?" आयलीनबाईंनी विचारलं. नॉरिसनं, यंत्राबद्दल, असं सांगितलं. "मग बाजूला हो."

थेल्मा मात्र लगेच बसली नाही. तिनं वाकून गवतावरून तळहात फिरवला आणि ओला हात सगळ्यांना दाखवला. अजून दव आहे, ती म्हणाली, ओलं गवत कुठलं यंत्र कापतं? तासभर थांबा. मर्व्हिनला हे माहीत नव्हतं. गेल्या तेहतीस वर्षांत त्याला गवताबद्दल फक्त एवढंच माहीत होतं की वळणावर ते निसरडं असतं. मग सगळ्यांनी चहा घेतला. कुणी बिस्किटं आणली. नॉरिसनं दोनदा घड्याळ बघितलं आणि शेवटी त्यानंही एक बिस्किट घेतलं.

दहा वाजून गेल्यावर थेल्मानं पुन्हा हात फिरवला, कोरडा निघाला. ती सीटवर बसली, दोरी मनगटाला बांधली, आणि मांडीवर अडचण नको म्हणून हँडबॅग मर्व्हिनकडं दिली. पहिला गिअर. यंत्र निघालं, इतकं सावकाश की शेजारून चालणाऱ्या आयलीनबाईंना पाऊल आखडतं घ्यावं लागलं. थेल्मा समोर बघतच नव्हती. ती पुढच्या चाकाची कड आणि दोरी, एवढंच बघत होती. वर्षानुवर्षं हातयंत्र ढकलून ढकलून तिला सरळ रेघ ठाऊक झालेली. मागं गवताची हिरवी फिकट पट्टी उलगडत आली, इस्त्री केल्यासारखी, आणि कापलेल्या गवताचा वास पसरला. त्या वासानं मर्व्हिनला एकदम ते पहिले तीन उन्हाळे आठवले. हातातली हँडबॅग त्यानं छातीशी धरली होती, ते त्याच्या ध्यानात नव्हतं.

पट्टा संपला. आयलीनबाईंनी फूटपट्टी काढून तीन ठिकाणी गवताची उंची मोजली. तिन्ही ठिकाणी सारखी.

"मोवर आहे," त्या म्हणाल्या, आणि वहीत लिहिलं.

थेल्मा उतरली नाही. ती वळली आणि मर्व्हिननं विंचरलेला पट्टा पण कापून टाकला. मग, दोन पट्टे बरे नाही दिसत म्हणून, उरलेली सगळी हिरवळ. त्याला पाऊण तास लागला. खुर्च्या घेऊन आलेली माणसं खुर्च्या उचलून तिला वाट देत राहिली.

निघताना आयलीनबाईंनी पेनाचं टोपण लावता लावता नॉरिसला सांगितलं की नियम सगळ्यांना सारखा, तेव्हा पुढच्या शुक्रवारी त्याचं यंत्र बघू.  नॉरिसनं आपली परात अकरा वर्षांपूर्वी भंगारवाल्याला दिली होती. संध्याकाळी तो मर्व्हिनच्या शेडच्या दारात उभा होता आणि, तुझी परात माझ्या सांगाड्याला बसेल का रे, असं विचारत होता. मर्व्हिननं विचार केला, बराच वेळ केला, आणि बसेल म्हणाला. पण आधी थेल्माचा उतार व्हायचाय, तिला विचार. आणि येताना माझा बारा नंबरचा पाना घेऊन ये.

उतार बुधवारी कापून झाला. नॉरिसचं यंत्र शुक्रवारी कसंबसं पास झालं, उसन्या परातीवर. रविवारी शर्यत झाली. मर्व्हिन चौथा आला, नॉरिस पाचवा. चौथ्याला कप नसतो.

परात नॉरिसकडून आली, पण मागच्या दाराशी परत गेली नाही. शेडमध्ये आता दोन खिळ्यांवर दोन पुल्या असतात, एक ताटाएवढी, एक बशीएवढी. सोमवारी मर्व्हिन छोटी उतरवून मोठी चढवतो, शुक्रवारी मोठी उतरवून छोटी. सगळं मिळून अडीच तासांचं काम. स्वयंपाकघराच्या दाराला त्यानं विकतचं रबरी अडण आणलं. ते सरकतं, अशी थेल्माची तक्रार आहे.

जूनच्या शेवटी एका गुरुवारी दुपारी तो मागच्या पायरीवर चहा घेऊन बसला होता. शेजारी खिडकीत कपांमधल्या स्ट्रॉबेरी पिकल्या होत्या, तो एकेक तोडून खात होता. थेल्मा उतारावर गवत कापत होती. वर गेली, वळली, खाली आली. गिअर तिसरा होता, हे त्यानं आवाजावरून ओळखलं. मागच्या आठवड्यात दुसरा होता. सफरचंदाच्या झाडाशी वळण घेताना तिनं कोपरं आत घेतली आणि अंग किंचित आतल्या बाजूला टाकलं.

मर्व्हिननं चहाचा कप खाली ठेवला.  उठून शेडमध्ये गेला आणि फळीवरचे डबे एकेक करून बाजूला सारायला लागला. ताट आणि बशी यांच्या मधल्या मापाची एक पुली कुठंतरी असायला हवी होती.